आयव्हीची न्याहारी

४ मे, बुधवार

आज मिस्टर सगडन यांचा हॅलिफॅक्सहून फोन आला आणि माझ्या हातातला मार्मालेडचा चमचा गालिच्यावर पडला. दर वर्षी सप्टेंबरात येणारा माणूस यंदा जूनमध्येच येतोय! "मिस गार्बट, तुमच्याकडच्या न्याहारीनं हिवाळाभर माझी पाठ सोडली नाही," म्हणाले. मी म्हटलं, "काहीतरीच तुमचं!" आवाज जरा चिरकला, पण फोनवर ते कळत नसावं.

आयव्हीला सांगितलं, तर ती तवा घासता घासता थांबली. "जूनमध्ये?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा तोच तवा घासायला लागली. तो आधीच स्वच्छ होता. कामाचा बोजा वाढणार म्हटलं की तिचं असंच होतं.

वही नवी आहे म्हणून लिहून ठेवते. बाबांच्या मागे लॅबर्नम हाऊस हे गेस्ट हाऊस आम्ही दोघी बहिणीच चालवतो. मी थोरली. पाहुण्यांची ऊठबस, टेबलं, बोलणंचालणं माझ्याकडे, आयव्ही स्वयंपाकघरात. तिला माणसांत वावरायचं वळण नाही आणि आवडही नाही. या समुद्रकाठच्या फाइली गावात आमच्या न्याहारीचं नाव आहे आणि ते मी टिकवलंय. बेकन, सॉसेज, रक्ताच्या काळ्या पुडिंगच्या दोन चकत्या, टोमॅटो, मशरूम, चरबीत तळलेला पाव आणि वर अंडं. मागाहून टोस्ट. एवढंच. कोपऱ्यावरच्या गेस्ट हाऊसात हल्ली अंड्याखाली डब्यातले बीन्स ओततात, असं आमच्या जुन्या पाहुण्या मिसेस ॲपलयार्ड गेल्या जूनमध्ये सांगत होत्या. लाल रस्सा पिवळ्या बलकात जातो म्हणे. मला ऐकूनच कसंसं झालं.

४ जून, शनिवार

मिस्टर सगडन आले. नवा टाय. पियानोचे सूर लावण्याचा धंदा त्यांनी आता बंद केलाय, पण कान अजून तसाच आहे. जिन्याची कुठली पायरी कुठल्या सुरात करकरते ते सांगतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सभ्य माणूस. बूट पुसल्याशिवाय आत येत नाहीत.

मी त्यांच्यासाठी दिवाणखान्यालगतचं चांगलं टेबल मांडलं होतं. नको म्हणाले. त्यांना नेहमीचंच हवं, वाढपाच्या खिडकीजवळचं. तिथे स्वयंपाकघराची वाफ येते, भांड्यांचा खडखडाट ऐकू येतो, इतर कुणी तिथे बसायला राजी नसतं. पण ताटल्या घ्यायला मी त्या खिडकीशीच उभी असते ना. अशा गोष्टी बोलायच्या नसतात.

७ जून, मंगळवार

आज मी हादरलेच. मिस्टर सगडन यांची ताटली खिडकीतून माझ्या हातात आली, तर तळलेल्या पावाच्या जागी भलतंच काहीतरी! करड्या रंगाची, जाळी पडलेली, पातळ भाकरी. मी खिडकीतून डोकं आत घातलं.

"आयव्ही, हे काय आहे?"

"ओटची भाकरी. बेकनच्या चरबीत परतलीय."

"ते दिसतंय. पण ती इथं कशाला? आपल्या ताटलीत ती कधीपासून आली?"

"आज सकाळपासून," ती म्हणाली आणि पाठ वळवली.

अख्ख्या डायनिंगरूमसमोर भांडण नको म्हणून मी ती ताटली तशीच नेऊन ठेवली. मिस्टर सगडन बघतच राहिले. मग त्यांनी एक तुकडा मोडला, खाल्ला, आणि चष्मा काढून पुसला. "मिस गार्बट," म्हणाले, "माझी आई गेल्यापासून ही चव जिभेला लागली नव्हती. जिनं केली तिला माझे मनापासून आभार सांगा."

"अहो, आभार कसले!" मी म्हटलं. मला इतकं भरून आलं की चहा बशीत सांडला.

आयव्हीला मात्र मी चांगलंच सुनावलं. न्याहारीत आज ओटची भाकरी आली, उद्या बीन्स येतील, परवा अननस. ती ऐकून घेत होती की नाही कुणास ठाऊक. गुणगुणत होती. आणि हो, हल्ली ती सकाळी केस धुते. उकाडा फार आहे स्वयंपाकघरात.

१० जून, शुक्रवार

मिसेस ॲपलयार्ड आज टेबलावरून मोठ्यांदा म्हणाल्या, "काय हो मिस गार्बट, या सगडनसाहेबांना स्पेशल ताटली, आणि आम्ही काय घोडं मारलंय?" त्या आणि त्यांचे यजमान दर जूनला येतात, लीड्सहून. यजमान बोलत नाहीत. तेवढी उसंत त्यांना मिळत नाही.

मी म्हटलं, "जुन्या पाहुण्यांचं थोडं बघावं लागतं."

"आम्ही यांच्याही आधीपासून येतोय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा बघून हसल्या की माझे कान लाल झाले. म्हणजे लोकांच्याही लक्षात आलंय.

खिडकीचं दार आयव्ही हल्ली सताड उघडं ठेवते. धूर कोंडतो म्हणते. मी दुसऱ्या टेबलांवर चहा ओतत असले की मागून मिस्टर सगडन यांचा आवाज येत राहतो. एकट्या माणसाला सवय असते स्वतःशी बोलायची.

१२ जून, रविवार

आज दुपारीच लिहायला बसले. चॅपलमधून परतताना मिस्टर सगडन फाटकापाशी थांबले होते. टोपी हातात. म्हणाले, "मिस गार्बट, उद्या जरा वेळ काढाल का? खडकाच्या टोकापर्यंत फिरून येऊ. मला तुमच्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय. घरात नको."

मी म्हटलं, "उद्या चादरी बदलायच्या असतात."

"त्याआधी?"

"बरं," मी म्हटलं.

छप्पन्नाव्या वर्षी माणसानं उगाच काहीबाही मनात आणू नये, हे मला कळतं. आईचा मोत्यांचा ब्रोच काढून ठेवला आहे. तो बऱ्याच दिवसांत लावला नव्हता, हवा लागलेली बरी.

१३ जून, सोमवार

चादरी बदलल्या.

१४ जून, मंगळवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आजही नीट जमेल असं नाही, पण लिहून टाकते, म्हणजे डोक्यातली घरघर थांबेल.

समुद्रात शिरलेल्या त्या खडकाच्या वाटेवर वारा फार होता. टोपी धरून चालावं लागत होतं. मिस्टर सगडन मध्येच थांबले. म्हणाले, "तुमचे वडील असते तर त्यांनाच विचारलं असतं. ते नाहीत, तर तुम्हीच घरातल्या मोठ्या. म्हणून तुमच्याकडे आलोय."

मी म्हटलं, "विचारा ना."

"मला आयव्हीशी लग्न करायचंय. ती हो म्हणाली आहे, पण तुमचा होकार असल्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणते."

मी विचारलं, "कोण आयव्ही?"

खरंच, हेच विचारलं. ते हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसू विरलं. "मिस गार्बट, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बसता का जरा?"

मी खडकावर बसले. ऊन लागलं असावं. वारा होता, पण वाऱ्यातही ऊन लागतं. त्यांनी थर्मासमधला चहा दिला. त्यात साखर होती. मी साखर घेत नाही, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर एकदाही चहा प्यायले नसेन. मी कायम उभी.

"तुमची ओळख तरी कुठं आहे?" मी विचारलं. "ती तर बाहेरही येत नाही."

"म्हणून तर खिडकीपाशी बसत आलो," ते म्हणाले. "आधी नुसता ऐकायचो. तवा कधी ठेवते, अंडं कधी फोडते. सात चुली पेटल्यासारखं काम, पण एक भांडं दुसऱ्यावर आदळत नाही. चांगला वाजवणारा तसाच वाजवतो. मग एकदा तिला विचारलं, तुम्ही स्वतः काय खाता हो? ती म्हणाली, वेळ मिळेल ते. तिथून बोलायला लागलो."

मी परत आले. ब्रोच काढून ठेवला. सगळ्या चादरी बदलल्या, तीन नंबरच्या खोलीतल्यासुद्धा, जिथे कुणीच उतरलेलं नाही.

१५ जून, बुधवार

आयव्हीशी बोलणं झालं. बोलणं कसलं! मी म्हटलं, "बावन्न वर्षांची घोडी झालीस, लाज नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. "पण त्यानं काही अडत नाही."

"आणि या घराचं काय? सीझन तोंडावर आलाय. पाहुण्यांना मी काय घालू, पुठ्ठा?"

"सप्टेंबरअखेरपर्यंत मी आहेच. पुढचं तू बघ. बाई ठेव."

"बाई ठेव! बाबांच्या स्वयंपाकघरात परकी बाई?"

"बाबांचं?" ती म्हणाली. तिनं हातातला सांडशीसारखा तो सॉसेज उलटायचा चिमटा खाली ठेवला. "बाबांनी या खोलीत पाय तरी टाकला होता का, म्युरिअल?"

मग मी बरंच काही बोलले. तो माणूस घरावर डोळा ठेवून आलाय. म्हातारपणी फुकटची स्वयंपाकीण हवी आहे त्याला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी शांतपणे म्हणाली, "तो मला तुझ्याकरवी निरोप पाठवायचा. दर सप्टेंबरला. आज पाव सुरेख झाला म्हणून सांगा, मशरूम कशात परतता ते विचारा. मला परवा कळलं. तुझ्याकडून मला एकही पोचला नाही."

मी म्हटलं, "मला वाटलं..." आणि तिथंच थांबले.

ती वाट बघत होती. मी निघून आले.

२ जुलै, शनिवार

मिस्टर सगडन केव्हाच गेले. मी होकारही दिला नाही आणि नकारही. आयव्हीशी बोलणं बंद ठेवलंय. कामापुरतं खिडकीतून बोलते: "चार नंबर, मशरूम नको." "दोन नंबर, अंडं दोन्ही बाजूंनी." ती खोलीत आली की मी उठते. तिला काहीतरी सांगायचं असतं, पण ऐकायची माझी इच्छा नाही. कधीतरी तिलाच लाज वाटेल.

खाटकाकडे गेले होते. क्रॅबट्री म्हणाला, "काय बाईसाहेब, ऐकतोय ते खरं का? आयव्ही उडाली म्हणे!"

"कोण म्हणतं?"

"अहो, तीच. काल आली होती. हॅलिफॅक्सला चांगलं काळं पुडिंग कुठं मिळतं विचारत होती. मी म्हटलं, मिळत नाही, इथंच राहा!" आणि सुरी आपटून हसला.

सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी सॉसेज न घेताच परतले आणि पुन्हा जावं लागलं.

२१ जुलै, गुरुवार

आजचा दिवस मी जन्मात विसरणार नाही.

सकाळी खाली आले तर स्वयंपाकघर थंडगार. गॅस बंद, तवे भिंतीला टांगलेले, आयव्हीचा एप्रन खुंटीवर. मला वाटलं, मेली की काय! वर धावले. अंथरूण नीट घातलेलं. कोट नाही, टोपी नाही. मी जिन्यातच बसले. पळून गेली. एक शब्द न बोलता.

तोवर खालून खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. घर भरलेलं. दोन कुटुंबं, स्कॉटलंडचं जोडपं, आणि ते डार्लिंग्टनचे शाळामास्तर, ज्यांना आठच्या ठोक्याला लागतं.

मी एप्रन बांधला. म्हटलं, तळायचं तर आहे. रोज समोर बघतेच की.

आणि मला कळलं की मी काहीच बघितलेलं नाही. मी फक्त ताटली बघितली होती.

सगळं एकदमच तव्यावर टाकलं. बेकन दगड झालं तेव्हा सॉसेज बाहेरून काळं नि आतून गुलाबी होतं. काळं पुडिंग फुटलं आणि तव्याला चिकटलं. टोमॅटोचं पाणी सुटून त्यात मशरूम पोहायला लागले. पहिलं अंडं फुटलं, दुसरं फुटलं, तिसरं फुटलं नाही पण उलटताना चुलीवर गेलं. पावाला चरबी कमी पडली म्हणून मी आणखी घातली, तर भडका उडाला. मी किंचाळले. शाळामास्तर आत धावत आले, त्यांनी ओला टॉवेल टाकला. त्यांच्या भुवया थोड्या गेल्या.

"मिस गार्बट," ते म्हणाले, "रोजच्या बाई कुठं आहेत?"

रोजच्या बाई! त्यांना आयव्हीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आणि ते मी कधी सांगितलंच नव्हतं.

पाहुण्यांना टोस्ट आणि चहा दिला. स्कॉटलंडच्या बाईंनी टोस्ट खरवडला. त्या आवाजानं माझा जीव जात होता. एक लहान मुलगी म्हणाली, "आई, इथं न्याहारी संपली का?" आईनं तिला गप्प केलं. माझ्यावर ओरडली असती तर परवडलं असतं.

सगळे गेल्यावर मी त्या ओट्यापाशी उभी राहिले. सात पदार्थ सात ताटल्यांत पडले होते. कुठले गार, कुठले करपलेले. एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे. आयव्हीच्या हातून खिडकीत येते ती ताटली एकाच क्षणी तयार होते, सगळं सारखं गरम, अंड्यावर वाफ. ती ते कसं करते? बायका पियानो वाजवतात तेव्हा मला दोन हातांचंच आश्चर्य वाटतं.

संध्याकाळच्या गाडीनं आयव्ही आली! पिशवीत पडद्याच्या कापडाचे नमुने.

मी म्हटलं, "तू परत आलीस?"

"म्हणजे? जायचं सांगितलं नव्हतं का? घर बघायला गेले होते. सोमवारपासून चार वेळा सांगितलं तुला, की गुरुवारी सकाळी मी नाही, क्रॅबट्रीच्या बायकोला बोलव. दर वेळी तू उठून निघून गेलीस." मग तिनं भिंतीकडे पाहिलं, काळ्या डागाकडे. "देवा! म्युरिअल, तुझे हात बघू."

हाताला थोडं भाजलं होतं. तिनं थंड पाण्याखाली धरून ठेवले. बराच वेळ. मग मीच म्हटलं, "मला शिकव."

२३ जुलै, शनिवार

शिकवणी सुरू. पाहुणे समुद्रावर गेले की आम्ही दोघी स्वयंपाकघरात. आयव्ही शिकवताना मुळीच गरीब गाय नाही. मला धक्काच बसला.

"आधी सॉसेज. मंद आचेवर. टोचू नकोस त्याला! त्यानं तुझं काय बिघडवलंय?"

"फुटतं ना."

"आच मोठी केलीस म्हणून फुटतं. वाट बघायला शिक. बेकन नंतर. त्याची चरबी सुटेल ती फेकू नकोस, ती पावाला. टोमॅटो वेगळ्या तव्यात, पालथा. मशरूम धुवायचे नाहीत, पुसायचे. अंडं सगळ्यांत शेवटी, ताटल्या गरम असल्याशिवाय अंड्याला हात लावायचा नाही."

"एवढं सगळं डोक्यात कसं ठेवतेस?"

"डोक्यात नाही ठेवत. ऐकते." तिनं मान तिरकी केली. "बघ, बेकनचा आवाज बारीक झाला. आता पाव."

मला काही ऐकू आलं नाही. सगळंच चरचरत होतं.

अंडं फोडताना माझा हात कापतो. ती म्हणाली, "तू पाहुण्यांना घाबरत नाहीस, अंड्याला घाबरतेस. जगात फक्त तूच अशी असशील."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी. मग रडायला आलं. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, कांदा. कांदा कुठेच नव्हता. तिनं नुसता माझ्या हातातला तवा काढून घेतला आणि आच कमी केली.

१७ ऑगस्ट, बुधवार

आज पहिल्यांदा सगळी न्याहारी मी केली आणि आयव्हीनं वाढली. ती बाहेर यायला तयारच नव्हती. मी ढकललं. खिडकीतून बघत होते: ताटली अशी धरून निघाली, जणू कुणी तिला दुसऱ्याच्या घरात पाठवलंय. पण पाचव्या टेबलावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती खळखळून हसली. मी तिला असं हसताना कधी ऐकलं होतं, आठवेना.

पाव एका बाजूनं जरा करपला. कुणी तक्रार केली नाही. इथून, चुलीपाशी उभं राहून, बाहेरचे आवाज कसे येतात ते मला ठाऊक नव्हतं. कोण काय बोललं कळत नाही, फक्त सूर कळतो. आवडलं की नाही तेवढं सुरावरून कळतं. ताटली गेली की माणूस इथं एकटाच राहतो, कान देऊन.

मिस्टर सगडन यांना फोन करून होकार दिला. म्हणाले, "मिस गार्बट, तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात."

"मी अजिबात नाही," मी म्हटलं. "आणि मी चहात साखर घेत नाही."

ते जरा गोंधळले. "लक्षात ठेवीन," म्हणाले.

३० सप्टेंबर, शुक्रवार

उद्या लग्न. सगळे पाहुणे गेले, सीझन संपला. मिस्टर सगडन (क्लिफर्ड म्हणा म्हणतात; बघू) किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरले आहेत, रीतीप्रमाणे. मिसेस ॲपलयार्डही लीड्सहून टोपीसकट येऊन तिथंच उतरल्या आहेत. मला म्हणाल्या, "मला तर वाटलं होतं, सगडनसाहेब तुमच्यासाठी..."

"लोकांना काय काय वाटतं," मी म्हटलं आणि त्यांना केकचा मोठा तुकडा दिला, म्हणजे तोंड भरलेलं राहील.

पुढच्या वर्षीपासून तीनच खोल्या उघडणार. स्वयंपाक मी करेन. वाढायला क्रॅबट्रीची बायको येईल. ती बोलेल फार, पण पाहुण्यांना ते आवडतं.

१ ऑक्टोबर, शनिवार

लग्न चांगलं झालं. त्याबद्दल उद्या सविस्तर लिहीन. सकाळचं आधी लिहिते.

आयव्ही नेहमीच्या वेळेला खाली आली. केसांत कर्लर, अंगावर गाऊन, आणि हात सरळ खुंटीकडे. एप्रन मी बांधला होता.

"हे काय?" ती म्हणाली. "घरात कुणी पाहुणे नाहीत."

"एक आहे. बाहेर जाऊन बस."

"कुठं बाहेर?"

"लोक बसतात तिथं, डायनिंगरूममध्ये."

"कर्लर लावून? वेडी झालीस का?"

"जातेस की ढकलू?"

गेली. मी खिडकीचं दार उघडून पाहिलं. सगळ्यांत लांबच्या टेबलापाशी, काचेजवळ, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तशी. या घरात जन्मली, आणि या खोलीत ती न्याहारीला आज पहिल्यांदा बसत होती. हिवाळ्यात ही खोली आम्ही बंद ठेवतो. दोघी आत ओट्याशीच खातो.

मी सवयीनं विचारलं, "काय काय घेणार?"

मिसेस ॲपलयार्डना मशरूम चालत नाहीत, त्यांच्या यजमानांना बलक पातळ लागतो, डार्लिंग्टनचे मास्तर सॉसेज ताटलीच्या कडेला मागतात, हे सगळं मला पाठ आहे. माझ्या बहिणीला काय आवडतं, मला ठाऊक नव्हतं.

ती कपाळाला आठ्या घालून विचार करत होती, कुणी अवघड गणित घातल्यासारखी.

"काय गं?"

"थांब जरा," ती म्हणाली. "हे मला कुणी विचारलं नाही कधी. फुटलेलं अंडं, फाटलेलं सॉसेज, जे परत येईल ते खायचे. आवडीचा प्रश्नच आला नाही." मग तिनं मान वर केली. "काळं पुडिंग नको. त्याच्या वासानं मला मळमळतं."

"काय? कधीपासून?"

"लहानपणापासून."

मी खिडकीचा काठ धरून उभी राहिले. रोज सकाळी तिनं त्याच्या चकत्या कापल्या. आयुष्यभर!

"बोलली का नाहीस?"

"कुणाला? ते ताटलीत असतंच ना." ती खांदे उडवून हसली. "टोमॅटो दोन दे मात्र. आणि बेकन कुरकुरीत. आणि पाव... नको, पाव हवा. एक पूर्ण, अर्धा नाही."

मी आत वळले. सॉसेज मंद आचेवर. टोमॅटो पालथे. बेकनचा आवाज बारीक झाला तो मला ऐकू आला, शपथेवर सांगते, ऐकू आला. पाव टाकला. ताटल्या गरम होत्या. अंडं फोडलं आणि बलक फुटला.

ते मी दुसऱ्या ताटलीत काढलं, माझ्यासाठी. तिच्यासाठी नवं फोडलं. हात कापला नाही.

ताटली घेऊन बाहेर गेले तेव्हा आयव्ही काचेकडे तोंड करून बसली होती. सूर्य नुकता पाण्याच्या वर आला होता आणि अख्खी खाडी उजळली होती. तो उजेड काचेतून आत येऊन टेबलक्लॉथवर, चमच्यांवर, तिच्या कर्लरांवर पडला होता. मी ताटली ठेवली. तिनं खाली पाहिलंच नाही.

"म्युरिअल," ती म्हणाली, "सकाळी इथून हे असं दिसतं?"

"ढग नसले की."

"रोज?"

"हो."

स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात उघडते. तिथून कोळशाची खोली दिसते.

"खा, गार होतंय," मी म्हटलं.

"होऊ दे," आयव्ही म्हणाली.

मी आत जाऊन फुटलेल्या अंड्याची ताटली घेऊन आले आणि तिच्या समोरची खुर्ची ओढून बसले. त्या खुर्चीवर मीही कधी बसले नव्हते.